टाकीत अंडी दिसली? मग या चुका टाळा

सकाळी माशांच्या टाकीचा दिवा लावला, तर काचेवर पारदर्शक जेलीचा ठिपका आणि त्यात बारीक दाणे! टाकीत गप्पी आणि मोली आहेत, म्हणजे अंडी त्यांचीच, असं घरात ठरूनही जातं. पण गप्पी, मोली, प्लॅटी हे मासे थेट पिल्लं देतात. ती जेली गोगलगायीची, बहुतेक वेळा नव्या वनस्पतींना चिकटून आलेल्या. पाण्याच्या वर, झाकणाजवळ गुलाबी घोस दिसला तर तोही ॲपल स्नेल या गोगलगायीचाच. तिळासारखे पांढरे, कडक ठिपके नेराइट या गोगलगायीचे. त्यांतून गोड्या पाण्यात पिल्लं वाढतच नाहीत.

माशाचं अंडं सुटं, गोल मण्यासारखं असतं. ते कुठे आहे ते बघा. गोल्डफिश झाडापाल्यावर विखुरते आणि सापडली की स्वतःच खाते, म्हणून अंड्यांचा पाला लगेच वेगळा करा. फायटर माशाचा नर पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं बांधतो; तिथे मादीला काढा, नराला राहू द्या. एंजल उभ्या पानावर किंवा फिल्टरच्या नळीवर ओळीने घालते. आपल्या काळुंदरी माशाचा छोटा भाऊबंद ऑरेंज क्रोमाइड पाळला असेल, तर आईबापांना मुळीच हलवू नका. दोघं मिळून राखण करतात आणि पिल्लं त्यांच्या अंगावरचा चिकट स्राव खातात.

सगळ्यात महाग पडणारी चूक पाण्याची. माझ्या एंजलने नळीवर मधाच्या रंगाचे मणी लावले होते. फोंड्यात नुकता पाऊस सुरू झाला होता. मी नळी उचलली आणि विहिरीच्या ताज्या, स्वच्छ पाण्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी झाडून सगळे मणी पांढरे. जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी मृदू, आम्लाकडे झुकणारं. माझ्या टाकीतलं तसं नव्हतं. त्यानंतर अंडी हलवायची तर त्याच टाकीतलं पाणी आणि तेच तापमान, हे मी कधी मोडलं नाही. नळाचं पाणी तर लगेच नकोच, त्यात क्लोरीन असतं.

पांढरं पडलेलं अंडं मेलेलं असतं. त्यावर बुरशी धरते आणि शेजारच्या चांगल्या अंड्यांवर पसरते, म्हणून ड्रॉपरने काढत राहा. मिथिलीन ब्लू हे बुरशी रोखणारं निळं औषध घालायचं तर पाणी फिकट निळं होईल इतकंच, आणि फक्त वेगळ्या भांड्यात. मुख्य टाकीत ते फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मारतं. हवेचा दगड (पंपाच्या नळीला लावलेला, बुडबुडे सोडणारा) अंड्यांच्या बाजूला ठेवा, खाली नको. पावसात वीज जाणारच, तेव्हा बॅटरीवरचा पंप आधीच आणून ठेवा.

२७-२८ अंशांना एंजलची अंडी साधारण अडीच दिवसांत फुटतात. डोक्याने नळीला चिकटलेली पिल्लं नुसत्या शेपट्या हलवत असतात. ते बघून खाऊ घालायचा मोह होतो. घालू नका; पोटाखाली बलकाची पिशवी असते, तीच त्यांची शिदोरी. खाणं टाकलं तर कुजतं आणि पाणी बिघडतं. पुढच्या चार-पाच दिवसांत ती पोहू लागतील. त्याच्या आदल्या दिवशी, त्यांच्या पहिल्या खाण्यासाठी, आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जिवाची अंडी भिजत घाला: लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम मिठागरातलं जाडं मीठ, खालून सतत हवा. सुमारे २४ तासांत नारिंगी ठिपके फिरू लागले की गोड्या पाण्याने धुऊन घ्या आणि चिमूटभरच सोडा, दिवसातून तीन-चार वेळा.