‘ते घर गेलं हो कालच!’ : घरभाड्यातल्या भेदभावाचा तपास करताना या चुका टाळा

मुंबईत ब्रोकर फोनवर आडनाव विचारतो, मग "नॉनव्हेज खाता का?" विचारतो आणि "बघतो, कळवतो" म्हणून गायब होतो. आपण दोन शिव्या हासडतो आणि पुढच्या ब्रोकरला फोन लावतो. अमेरिकेत घर नाकारण्यामागे वंश, धर्म किंवा मूळ देश असल्याचा संशय आला, तर त्याची सरकारी फाइल उघडते. ती फाइल ज्यांच्या टेबलावर येते त्यांच्यात मी बरीच वर्षं होते, एका राज्याच्या नागरी हक्क कार्यालयात. पुढे नव्या लोकांना शिकवायची पाळी आली. बघितलं तर कायदा सगळ्यांना पाठ, तरी फाइली फसायच्या, आणि बहुतेक त्याच त्याच ठिकाणी.

कायद्याची ओळख दोन ओळींत उरकते. ४ एप्रिल १९६८ला मेम्फिसमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि आठवड्याभरात, ११ एप्रिलला, अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी फेअर हाउसिंग कायद्यावर सही केली. ज्यांवरून घर नाकारता येत नाही त्यांची मूळची यादी वंश, वर्ण, धर्म आणि मूळ देश. १९७४मध्ये लिंग आलं, १९८८मध्ये अपंगत्व आणि घरात १८ वर्षांखालची मुलं असणं. केंद्राचं गृहनिर्माण खातं, ज्याला सगळे ‘हड’ म्हणतात, तक्रारी घेतं. राज्याचा कायदा तितकाच भक्कम असेल तर फाइल राज्याकडे येते.

खलनायक शोधत बसणं

ही पहिली चूक, आणि माझी स्वतःची. दोन लहान मुलांच्या आईची तक्रार होती. स्विमिंग पूलसमोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट तिला हवा होता. मॅनेजरबाई म्हणाल्या, "ते घर गेलं हो कालच." मागच्या इमारतीतला तळमजला मात्र लगेच मिळेल म्हणाल्या. मी चौकशीला गेले तर बाई अतिशय गोड. टेबलावर मुलांसाठी लॉलीपॉपची बरणी. मला कॉफी दिली, नातवंडांचे फोटो दाखवले. ही बाई मुलांवर अन्याय करणं शक्यच नाही अशी माझी खात्री पटली आणि परत येऊन मी वरिष्ठांना सांगितलं, यात काही दम नाही. त्यांनी एकच विचारलं, "रेंट रोल कुठाय?"

रेंट रोल म्हणजे कुठल्या फ्लॅटमध्ये कोण, कधीपासून, किती भाड्याने, याची यादी. तो मागवला. सोबत सगळ्या लीज, म्हणजे भाडेकरार, मागवल्या, कारण लीजवर राहणाऱ्यांची नावं आणि वयं असतात. आणि गेस्ट कार्डं, म्हणजे घर बघायला येणाऱ्याची ऑफिसात भरलेली नोंद. दोन दिवस बसून एक तक्ता केला. चार इमारती, ९६ फ्लॅट, आणि शेवटच्या रकान्यात ‘मुलं’. पेन्सिलने टिका करत गेले तशा त्या सगळ्या पार्किंगला लागून असलेल्या मागच्या इमारतीत, तळमजल्यावर जमायला लागल्या. पूलसमोर मुलं असलेली दोनच घरं होती, आणि त्या दोन्ही घरांतली बाळं तिथे राहायला आल्यानंतर जन्मलेली. ‘काल गेलेला’ फ्लॅट नऊ दिवसांनी एका बिनमुलांच्या जोडप्याला दिलेला होता.

तक्ता दाखवल्यावर बाई दचकल्या नाहीत की चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "पूल आहे समोर, वरून खिडकीतून पोर पडलं तर?" हे त्या मनापासून बोलत होत्या. पण मूल कुठे राहणार हे ठरवायचा हक्क आईबापांचा आहे, मॅनेजरचा नाही. द्वेष होता का हा प्रश्न कायदा विचारत नाही. त्याच आठवड्यात तसाच दुसरा माणूस आला तेव्हा त्याला काय सांगितलं, एवढंच बघायचं असतं. म्हणून फक्त तक्रारदाराचे कागद मागवू नका. घटनेच्या आधीचे आणि नंतरचे निदान सहा-सहा महिन्यांचे सगळे अर्ज मागवा, मंजूर आणि नामंजूर दोन्ही. पत पाहायचे निकष लेखी असतील तर तेही. कागद येत नसतील तर कायद्याने समन्स काढायचा अधिकार दिलेला आहे. तो वापरायला नवे अधिकारी उगाच लाजतात.

तारखा नंतर बघू म्हणणं

तक्रारदार पहिल्यांदा बोलतो तेव्हा रागाच्या क्रमाने बोलतो, घडलेल्या क्रमाने नाही. सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट आधी येते. ‘हड’कडे तक्रार शेवटच्या घटनेपासून एका वर्षात यावी लागते, कोर्टात जायला दोन वर्षं असतात; काही राज्यांची स्वतःची मुदत त्याहून कमी आहे. "थँक्सगिव्हिंगच्या आसपास" एवढ्यावर विसंबलात तर पाच महिन्यांनी समोरचा वकील एका पत्रात फाइल गारद करतो. फोन उघडायला सांगा, मेसेज बघा, तारीख आणि नंबर दोन्ही दिसतील असा स्क्रीनशॉट तिथल्या तिथे घ्या. जाहिरात त्याच दिवशी उतरवून ठेवा. तक्रारीची नोटीस गेल्यावर जाहिरातीतला मजकूर बदलतो, हे मी गृहीतच धरते.

आणि पहिल्याच फोनवर विचारा: ते घर अजून रिकामं आहे का? असेल तर नेहमीच्या चालीने जाऊ नका. तपास चालू असतानाच कोर्टाकडून तात्पुरती मनाई मागता येते, पण ती आज-उद्या. यातलं काहीच माहीत नसलेला भाडेकरू एकदा तिथे राहायला आला की त्याला उठवून घर तक्रारदाराला देता येत नाही. टेस्टर पाठवायचे तेही तेव्हाच. टेस्टर म्हणजे पगार, कुटुंब, गरज सगळं सारखं सांगणारी, फक्त वंश किंवा तत्सम एका बाबतीत वेगळी अशी दोन माणसं. घर घ्यायचा इरादा नसला तरी खोटी माहिती मिळालेल्या टेस्टरला स्वतः दावा लावता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२मध्ये हेवन्स रिॲल्टीच्या खटल्यात मान्य केलं. तो खटला व्हर्जिनियातल्या रिचमंडजवळचा. काळ्या टेस्टरला जागा नाही म्हणून सांगितलं, गोऱ्याला आहे म्हणून. सहा आठवड्यांनी टेस्टर पाठवलेत तर दोघांनाही ‘जागा नाही’ हेच ऐकू येईल, आणि ते खरंही असेल.

जबाब ‘नीट’ करून लिहिणं

साक्षीदार म्हणाला, "ती तसली माणसं नकोत असं मालक बोलला." अहवालात आलं: ‘मालकाने नाराजी व्यक्त केली.’ संपला पुरावा. शब्द जसाच्या तसा लिहा, व्याकरण चुकलेलं असलं तरी, शिवी असली तरी. तक्रारदाराला इंग्रजी येत नसेल तर त्याच्या बारा वर्षांच्या मुलीला दुभाषी म्हणून बसवू नका. आईला काय म्हटलं गेलं ते ती मुलगी सौम्य करून सांगते, किंवा सांगतच नाही. मॅनेजरच्या आधी दुरुस्तीवाल्याला भेटा आणि नोकरी सोडून गेलेल्या लीजिंग एजंटला शोधून काढा. कुठला फ्लॅट खरंच कधी रिकामा झाला हे किल्ल्या सांभाळणाऱ्याला ऑफिसपेक्षा जास्त माहीत असतं.

‘आपल्यातलीच आहेस ना?’

हे आपल्या लोकांसाठी वेगळं लिहायलाच हवं. एका काकांनी स्वतःच्या दोन मजली घराचा खालचा मजला भाड्याने काढला होता आणि जाहिरातीत लिहिलं होतं: ‘भारतीय शाकाहारी कुटुंबास प्राधान्य’. मी ओळख सांगताच त्यांनी मराठीच सुरू केलं. "अगं, तू आपल्यातलीच ना? कुठली, पुण्याची? मग तूच सांग, स्वतःच्या घरात कोण ठेवायचं हेसुद्धा सरकार ठरवणार?" पाठोपाठ चहा आणि चकल्या आल्या.

काकांचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. मालक स्वतः राहत असलेल्या चार किंवा कमी घरांच्या इमारतीला केंद्राच्या कायद्यातून बरीच सूट आहे. पण ती सूट जाहिरातीला लागू नाही. ‘शाकाहारी’ हा शब्द कुठल्याही संरक्षित यादीत नाही. ‘भारतीय’ म्हटलं की मात्र मूळ देश आला. शिवाय वंशावरून नाकारायला १८६६चा नागरी हक्क कायदा आडवा येतो, आणि त्यात घरमालकाला सूट नाही. हे काकांना पटेपर्यंत चहा गार झाला. माझी चूक एवढीच, की ते माझ्या सासूबाईंना मंडळाच्या गणपतीत भेटलेले आहेत हे कळताच मी उठायला हवं होतं. तासभर बसले, आणि मग ती फाइल सहकाऱ्याकडे द्यावी लागली. त्याला सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

उलट बाजूही येते. भारतीय भाडेकरूला ‘तुमच्या फोडणीचा वास येतो’ म्हणून लीज वाढवून न देणं मी पाहिलंय. आणि भारतीयच भारतीयाला आडनाव विचारून घर नाकारतो, तेही. जातीवरून भेदभाव करण्यावर शहर पातळीवर पहिली बंदी फेब्रुवारी २०२३मध्ये सिॲटलने घातली, घरभाड्यासकट. तो ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात तसं विधेयक मंजूर होऊनही गव्हर्नरांनी परत पाठवलं, आताच्या कायद्यात हे बसतंच असं म्हणून. त्यामुळे तक्रारदार ‘जात’ म्हणाला आणि फॉर्मवर तो चौकोन नाही म्हणून त्याला परत पाठवणं हा आळस आहे. वंशपरंपरा, धर्म, मूळ देश यांतलं काय लागू होतं ते बघा आणि त्याने सांगितलेला शब्दही तसाच नोंदवा.

प्रत्येक फाइलला तोच तक्ता लावणं

वर तक्त्याचं एवढं कौतुक केलं, पण निम्म्याहून जास्त तक्रारी अपंगत्वाच्या असतात आणि तिथे तो बऱ्याचदा निरुपयोगी. व्हीलचेअरवाल्याने दाराजवळची पार्किंगची जागा मागितली, मालक म्हणतो, "मी कुणालाच राखीव जागा देत नाही." सगळ्यांना सारखंच वागवलं, पण तक्रार तीच आहे! इथे वाजवी सवलत, म्हणजे अपंगत्वामुळे नियमाला लागणारा अपवाद, मागितली का, गरजेशी तिचा संबंध आहे का, आणि उत्तर काय व किती दिवसांत आलं, हे बघायचं. "आम्ही नाही म्हटलंच नव्हतं" हे वाक्य फार ऐकाल. चार महिने उत्तरच न देणं हाही नकारच. मदतनीस कुत्र्यासाठी पाळीव प्राण्याची फी घेता येत नाही. आणि तुम्ही स्वतः अख्खी वैद्यकीय फाइल मागवू नका. गरज आहे असं सांगणारं डॉक्टरांचं पत्र सहसा पुरतं.

समेटाचं थोडक्यात. दोन्ही बाजूंची तडजोड होते का हे तपासभर बघत राहणं कायद्यानेच सांगितलंय, पण त्या बोलण्यात जे निघतं ते संमतीशिवाय पुढे पुरावा म्हणून वापरता येत नाही. त्याच्या नोंदी वेगळ्या ठेवा, शक्यतो माणूसही वेगळा. "तुमची केस भक्कम आहे" असं तक्रारदाराला सांगू नका. तो चांगली तडजोड नाकारेल आणि मग तुमच्याकडेच बघत बसेल. तपास १०० दिवसांत व्हावा अशी अपेक्षा असते, क्वचितच होतो. उशीर का झाला ते दोघांनाही लेखी कळवायचं राहून जातं. आणि तक्रारीनंतर अचानक घर सोडायची नोटीस आली तर ती जुन्या फाइलला नुसती टाचू नका. सूड उगवणं हा कायद्याचा स्वतंत्र भंग आहे, तक्रारीत दुरुस्ती करून घ्या. पहिला आरोप टिकला नाही तरी हा टिकू शकतो.

पुष्कळ फाइली ‘पुरेसं कारण आढळलं नाही’ या पत्राने बंद होतात. ते पत्र नुसतं टपालाने पाठवणं ही मी शेवटपर्यंत पाहिलेली चूक. आधी फोन करा. एका बाईंनी मला विचारलं होतं, "म्हणजे मी खोटं बोलले असं लिहिलंय?" तसं लिहिलं नव्हतं. तुम्ही सांगितलंत ते जसंच्या तसं अहवालात आहे, पण सिद्ध करायला लागतं ते मिळालं नाही, असं मी सांगितलं. मग कोर्टाची दोन वर्षांची मुदत सांगितली. तपासात गेलेला काळ त्यातून वगळला जातो, म्हणून कॅलेंडर पुढ्यात घेऊन शेवटची तारीख मोजली आणि त्यांना ती कागदावर लिहून घ्यायला लावली.