आखातात अमेरिकेची पकड सुटतेय का, हे कसं ओळखायचं

ठाणे-वाशी ट्रेनमध्ये रोज कोणीतरी सांगत असतं की आखातात अमेरिकेचं संपलं, आणि लगेच दुसरा म्हणतो छे, अमेरिकेला कोण हात लावतंय. दोघांचं ऐकू नका, मोबाईलवर नकाशा उघडा. बहरीनमध्ये अमेरिकेचं पाचवं आरमार, कतारमध्ये अल उदैदचा हवाई तळ, आणि खाली बाब-अल-मंदेबच्या, म्हणजे लाल समुद्राच्या दक्षिण टोकाच्या सामुद्रधुनीच्या, तोंडाशी जिबूती हा देश, तिथे अमेरिकेचा तळ आहेच पण २०१७ पासून चीनचाही आहे.

आता मेन गोष्ट, बॉम्ब किती पडले ते मोजत बसू नका, जहाजं कुठून जातायत ते बघा. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधल्या हूथी बंडखोरांनी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, अमेरिकेने बरेच देश गोळा करून नौदल उतरवलं, जानेवारीत येमेनवर बॉम्बही टाकले, तरी मर्स्कसारख्या कंपन्यांनी जहाजं सुएझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घालूनच पाठवली. उरणला सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनरच्या गोदामात, कोणी ओळखीचं असेल तर विचारा, न्हावाशेवाहून युरोपला जाणाऱ्या कंटेनरला दहा-बारा दिवस जास्त लागायला लागले, वर फ्रेट वाढलं, वॉर रिस्कचे, म्हणजे युद्धाच्या विम्याचे, पैसे वेगळे. समोरून येणारं ड्रोन काही हजार डॉलरचं आणि ते पाडणारं मिसाईल दहा-वीस लाख डॉलरचं, हा हिशोब किती दिवस परवडणार सांगा!

दुसरं म्हणजे शत्रूपेक्षा दोस्तांवर लक्ष ठेवा. मार्च २०२३ ला सौदी आणि इराणचं जमलं ते बीजिंगमध्ये. सप्टेंबर २०२५ ला इस्रायलने कतारच्या दोहावर हल्ला केला, तोही अमेरिकेचा एवढा मोठा तळ असलेल्या देशात, आणि आठ दिवसांत सौदीने पाकिस्तानशी संरक्षण करार केला. पण हल्ला झाला म्हणूनच करार झाला असं ठोकून देऊ नका, असले करार आठवड्यात शिजत नाहीत.

आणि उलटी बाजूही तपासा, म्हणजे अमेरिकेची पकड अजून कुठे टिकून आहे ते. सौदीचा रियाल १९८६ पासून डॉलरला ३.७५ वर बांधलेला आहे, तो सुटला तर मात्र खरंच दचका.

तहाची बातमी आली की तारीख लिहून ठेवा. मे २०२५ ला ओमानने अमेरिका आणि हूथींमध्ये तह लावला तरी जहाजं काही लगेच सुएझकडे वळली नाहीत. म्हणून महिना-दोन महिन्यांनी शिपिंग कंपन्यांच्या वेबसाईटवर शेड्यूल उघडा, सुएझ दाखवतायत की केप, म्हणजे आफ्रिकेचा वळसा, फुकटात दिसतं.