रंगीत नक्षीचे विणकाम : शेवटचा टाका मिटल्यानंतरची कामे

विदर्भातली थंडी थोडे दिवस राहते, पण राहते तेवढे दिवस कसून पडते. गोंदिया, नागपूर, यवतमाळकडे डिसेंबर-जानेवारीत पारा 10 अंशांखाली उतरतो आणि रात्री हरभऱ्याच्या ओलितावर जाणाऱ्या माणसाला कानटोपी आणि लोकरी मोजे लागतातच. घरी विणलेली दोन रंगांची टोपी चार दिवसांत उसवते, मोज्यात अंगठा अडकतो किंवा ब्लँकेटच्या कडा गुंडाळल्या जातात, तेव्हा दोष बहुधा विणण्यात नसून विणून झाल्यावर करायच्या कामांत घाई झालेली असते. या कामांचा क्रम पाळला तर निम्मी अडचण दूर होते: आधी तपासणी, मग दुरुस्ती, त्यानंतर टोके आत घेणे, धुणे, आकार देणे आणि अगदी शेवटी कात्री.

साहित्य फार लागत नाही. मोठ्या नेढ्याची बोथट सुई, क्रोशाची बारीक सुई, कात्री, मोजपट्टी आणि न गंजणाऱ्या टाचण्या पुरतात. साध्या टाचण्या ओल्या लोकरीत रात्रभर राहिल्या तर गंजाचे डाग पडतात आणि ते सहसा निघत नाहीत.

प्रथम वस्तू उलटी करून मागची बाजू पाहावी. स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या शेटलंड बेटांपैकी फेअर आइल या बेटाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत एका ओळीत साधारणपणे दोनच रंग चालतात आणि जो रंग वापरात नसतो त्याचा धागा मागून आडवा जातो. हा आडवा धागा अडीच सेंटिमीटरहून लांब असेल तर मोज्यात बोट आणि टोपीत कानातली बाळी हमखास अडकते. असे धागे त्याच रंगाच्या बारीक धाग्याने मागच्या टाक्यांना सैलसर टाचून घ्यावेत. टाका पुढच्या बाजूला दिसत नाही ना, हे दर वेळी पालटून पाहावे. धागे आखडले असतील तर मात्र प्रश्न वेगळा आहे. किंचित सुरकुत्या धुतल्यावर बसतात, पण टोपी ताणूनही डोक्यात शिरत नसेल तर ती कोणत्याही पाण्याने सैल होणार नाही, आणि तेवढा भाग उसवून पुन्हा विणणे हाच उपाय उरतो.

नक्षीत एखाद-दुसरा टाका चुकीच्या रंगाचा आला असेल तर उसवण्याची गरज नाही. योग्य रंगाची, तेवढ्याच जाडीची लोकर सुईत ओवून ती त्या टाक्याच्या खालच्या टोकातून वर काढावी, वरच्या टाक्याच्या दोन्ही पायांमागून उजवीकडून डावीकडे न्यावी आणि जिथून वर आली तिथेच खाली उतरवावी. जुना टाका पूर्ण झाकला जातो. हा उपाय पाच-दहा टाक्यांपुरता ठीक आहे. त्याहून मोठा भाग असा झाकला की तो जाड आणि ताठ होतो.

टोके आत घेणे हे सर्वांत कंटाळवाणे काम, आणि वस्तू किती टिकणार हेही इथेच ठरते. म्हणून विणतानाच प्रत्येक रंग बदलताना 15 सेंटिमीटर धागा सोडावा. गाठ मारून मोकळे होण्याचा मोह टाळावा, कारण मोज्यातली गाठ चालताना टोचते आणि ब्लँकेटमधली गाठ आज ना उद्या पुढच्या बाजूला डोके काढते. प्रत्येक टोक त्याच्याच रंगाच्या भागात, मागच्या उंचवट्यांखालून तिरपे पाच-सहा सेंटिमीटर न्यावे आणि दिशा बदलून थोडे परत आणावे. आपल्या बाजारात मिळणारी बहुतेक लोकर ॲक्रिलिकची असते. ती घसरते, म्हणून परतताना सुई धाग्याच्या पोटातून, पीळ भेदून न्यावी. रंगांचे मोठे चौकोन असलेल्या ब्लँकेटमध्ये दोन रंगांच्या सांध्यावर भोक राहिले असेल तर तेच टोक वापरून ते मिटवावे. शिल्लक धागा मात्र अजून कापू नये. धुण्यात टाके सरकतात, आणि आधीच बुडाशी कापलेले टोक तेव्हा बाहेर येते.

धुण्याआधी लोकर कोणती हे माहीत असायला हवे. उरलेल्या धाग्याचा तुकडा चिमट्यात धरून जाळला की मेंढीच्या लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि तिची राख चुरगळते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक काळा मणी होतो. याच कारणाने ॲक्रिलिकची टोपी, मोजे घालून शेकोटीच्या अगदी जवळ बसू नये. रंग जातो का हे पाहण्यासाठी ओले पांढरे फडके गडद धाग्यावर दाबावे. लाल आणि पांढरा शेजारी असतील तर ही परीक्षा चुकवू नये.

पाणी कोमट किंवा थंड घ्यावे. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या भागात, साबणाला फेस येत नाही आणि गडद लोकरीवर पांढुरकी पुटे बसतात. तिथे पातळ साबण थोडाच वापरून शेवटचे पाणी पिण्याचे, गाळलेले घ्यावे. मेंढीची लोकर 20 मिनिटे भिजवून, न चोळता, न पिळता, जुन्या पंचात गुंडाळून दाबावी. गरम पाणी आणि चोळणे एकत्र आले की ती आटून नमद्यासारखी घट्ट होते. नंतर सतरंजीवर सावलीत पसरून, मोजपट्टीने माप पाहत टाचण्या लावाव्यात. ॲक्रिलिक नुसत्या पाण्याने आकार धरत नाही, त्याला वाफ लागते. वर ओले सुती फडके घालून इस्त्री दोन-तीन सेंटिमीटर उंच धरावी आणि कापडाला टेकू देऊ नये. उष्णता जास्त झाली तर विणकाम कायमचे लुळे पडते.

टोपी उपड्या पातेल्यावर किंवा डोक्याच्या मापाएवढ्या फुगवलेल्या फुग्यावर वाळवावी, मात्र खालची लवचीक पट्टी ताणू नये. गोंडा बटणाने लावला तर धुताना काढता येतो. मोज्यांसाठी जाड तार पावलाच्या आकारात वाकवून तिच्यावर कापड गुंडाळावे. पुठ्ठा ओला होऊन वाकतो. चवड्याचे टाके एकमेकांवर शिवून टाकण्याऐवजी सुईने टाक्याला टाका जोडावा, म्हणजे बुटात शिवण रुतत नाही.

ब्लँकेटच्या कडा गुंडाळतात त्या सपाट विणीमुळे, म्हणजे एक ओळ सुलट आणि एक उलट अशा विणीमुळे. ओळींच्या कडेवरून चार ओळींमागे तीन टाके उचलून, दोन्ही बाजूंनी सुलटे विणलेली पाच-सहा सेंटिमीटरची चौकट घालावी. तान्ह्या बाळाच्या ब्लँकेटमागे धागे उघडे ठेवणे मला मुळीच पसंत नाही, कारण कोवळी बोटे त्यांत गुरफटतात. त्याला जुन्या सुती लुगड्याचे अस्तर लावावे. नवे कापड असेल तर आधी धुऊन आटवावे, ब्लँकेट सपाट पसरून कडेने टाचावे आणि मधे गोधडीप्रमाणे वीतभर अंतरावर टाके घालावेत, नाहीतर पहिल्याच धुण्यात अस्तर झोळते.

पूर्ण वाळल्यावर शिल्लक टोके अर्धा सेंटिमीटर ठेवून कापावीत. पावसाळ्यासाठी पेटीत ठेवताना वस्तू धुतलेलीच असावी, कारण घाम आणि तेलकटपणा राहिलेल्या लोकरीला कसर लवकर लागते. प्रत्येक रंगाची थोडी लोकर त्याच पिशवीत ठेवावी. रंगाचा तोच घाणा पुढच्या वर्षी बाजारात मिळेलच असे नाही आणि मोज्याची टाच मात्र एका हंगामातच विरते.