शित्झूचे केस: आधी कंगवा, मग पाणी

आमची बकुळी, म्हणजे शित्झू जातीची लांब केसांची छोटी कुत्री, चार महिन्यांची होती तेव्हा मी तिला न विंचरताच अंघोळ घातली. कानामागचा बोटभर गुंता पाण्याने आवळला आणि वाळल्यावर त्याची घट्ट जट झाली. शेवटी ती कापावी लागली. खालची कातडी लालभडक झालेली बघून माझ्या पोटात कालवलं. तेव्हापासून आमच्या घरी आधी कंगवा, मग पाणी.

नुसते वरवर ब्रश फिरवून भागत नाही. शित्झूला दोन थर असतात, वर लांब केस आणि आत मऊ लव; जट आतल्या थरात धरते. थोडं पाणी फवारा, केसांचा एकेक पदर वर उचला आणि स्टीलचा कंगवा मुळापासून टोकापर्यंत न्या. कानामागे, काखेत आणि पट्टा घासतो तिथे रोज बघाच. गुंता लागला तर मुळाशी केस चिमटीत धरून टोकाकडून सोडवत या, म्हणजे तिला ओढ बसत नाही. अंघोळ दोन-तीन आठवड्यांनी पुरते, पण नंतर केस मुळापर्यंत कोरडे झालेच पाहिजेत.

नाकावरचे केस वर वाढून डोळ्यांत टोचतात. त्यांची सैल शेंडी बांधा, नाहीतर कापून घ्या. डोळ्यांच्या कोपऱ्यातली घाण उकळून गार केलेल्या पाण्याच्या कापसाने रोज टिपा. डोळा लाल दिसला किंवा ती तो मिटून बसली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

ही जात बीजिंगच्या राजवाड्यात वाढली. नावाचा अर्थच सिंह. १९३० मध्ये ब्राउनरिग या ब्रिटिश दांपत्याने काही कुत्री इंग्लंडला नेली, म्हणून ही जात टिकली. पुढे चीनमध्ये ती जवळजवळ नाहीशीच झाली. आजचे सगळे शित्झू जेमतेम चौदा कुत्र्यांचे वंशज मानले जातात.

थंडीच्या मुलखातला हा जीव आपल्या नागपूरच्या मे महिन्यात आणायचा, तर त्याचं ऊन आपणच सांभाळायला हवं. चपटं नाक, त्यामुळे धाप लवकर लागते. आम्ही पहाटे साडेपाचला फिरवून आणतो, तेही गळपट्टा न लावता छातीच्या हार्नेसने. दुपारी कूलरसमोर ओली चादर अंथरतो. उन्हाळ्यात केस इंचभर ठेवतो. पार तासून मात्र काढू नका, उघड्या कातडीला ऊन भाजतं. जीभ जांभळट दिसली किंवा धाप थांबेना, तर साध्या पाण्याने अंग भिजवा, पंखा लावा आणि तसंच दवाखान्यात न्या.