मोबिलिटी स्कूटर रस्त्यावर काढताय? या चुका टाळा, आणि आधी हात सोडायला शिका

घरातल्या ज्येष्ठांसाठी बॅटरीवरची मोबिलिटी स्कूटर, म्हणजे खुर्चीसारखी सीट असलेली तीन किंवा चार चाकांची हळू चालणारी गाडी, घेणं ही फार चांगली गोष्ट आहे, गुडघ्यांमुळे घरात अडकून पडलेला माणूस स्वतःचा स्वतः जाऊन भाजी आणतो, बागेत चार लोकांत बसतो, यासारखं सुख नाही. पण बहुतेक घरांत होतं काय, की डिलिव्हरी द्यायला आलेला मुलगा पार्किंगमध्ये दोन चकरा मारून दाखवतो आणि दुसऱ्या दिवशी काका डायरेक्ट मेन रोडला.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे तिला नेहमीच्या स्कूटरसारखं चालवणं. आपली ज्येष्ठ मंडळी आयुष्यभर दुचाकी चालवलेली, समोर अचानक कोणी आलं की बोटं आपोआप लिव्हर आवळतात कारण तिथे ब्रेक असतो. इथे बरोब्बर उलटं आहे. बऱ्याच मॉडेलमध्ये हँडलजवळचा तो लिव्हर दाबला की गाडी पळते आणि सोडला की मोटरच तिला थांबवते, मग ब्रेक आपोआप लागतो. म्हणजे घाबरून मूठ घट्ट केली की गाडी थांबायच्या ऐवजी अजून पुढे जाणार, नेमकी ज्याला वाचवायचंय त्याच्या अंगावर. म्हणून रस्त्यावर न्यायच्या आधी सोसायटीत स्पीडचं बटण एकदम कमीवर ठेवून सराव करा, कोणीतरी बाजूने चालत मध्येच "सोडा!" म्हणायचं आणि काकांनी दोन्ही हातांची बोटं उघडायची. हे विचार न करता व्हायला लागलं की मगच गेटच्या बाहेर. आणि चालत्या गाडीची चावी कधीच फिरवू नका, झटक्यात थांबते आणि माणूस पुढे फेकला जातो.

दुसरी चूक उतारावरची. मागे मोटरजवळ एक छोटा दांडा असतो, गाडी बंद असताना हाताने ढकलता यावी म्हणून. तो फिरवला की मोटर सुटते आणि त्याबरोबर ब्रेकही जातो, हे लोकांना माहीतच नसतं. बिल्डिंगच्या रॅम्पवर वॉचमनने मदत म्हणून तो दांडा फिरवला आणि वर माणूस बसलेला असेल तर गाडी सरळ खाली जाणार, लिव्हर सोडून काही उपयोग नाही. सपाट जागेशिवाय त्याला हात लावायचा नाही, आणि माणूस बसलेला असताना तर अजिबातच नाही. तसंच चढ-उतारावर तिरकं जायचं नाही, वळायचं नाही, तीनचाकी तर पटकन कलंडते. वळण आलं की आधी स्पीड कमी, मग वळा.

भाजीची पिशवी हँडलला अडकवणं हीसुद्धा चूकच. साधी गोष्ट वाटते, पण वळताना पिशवीचा बंद लिव्हरमध्ये अडकला तर हात सोडूनही गाडी चालूच राहते. पुढच्या बास्केटमध्ये ठेवा, जड सामान पायाशी, सीटच्या पाठीला लटकवलं तर चढावर मागचा भार वाढतो.

गाडी चालूच होत नाहीये म्हणून लगेच मेकॅनिकला फोन नको. मागचा तो दांडा ढकलण्याच्या पोझिशनला राहिलाय का ते बघा, बऱ्याचदा तेवढंच असतं. चार्जर अजून लागलेला असेल तर बहुतेक गाड्या चालतच नाहीत. चावी फिरवताना लिव्हर दाबलेला असेल तरी ती मुद्दाम अडून राहते, सोडा आणि परत चावी फिरवा. ते सगळं ठीक असेल तर बॅटरीजवळचं ट्रिप झालेलं, म्हणजे जास्त लोड आला की सप्लाय तोडून बाहेर आलेलं बटण दाबून बघा, पण ते परत परत ट्रिप होत असेल तर मात्र दाबत बसू नका, दाखवून घ्या.

बॅटरीचं एक लक्षात ठेवा, सपाटीवर काटा फुल दाखवतो आणि चढ लागला की धपकन खाली येतो, तो चढावरचा आकडा खरा धरून परतीचा अंदाज बांधा. लेड ॲसिड बॅटरी असेल तर बाहेरून आल्यावर रात्री चार्जिंगला लावाच, अर्धवट रिकामी ठेवली की लवकर मरते. पावसाळ्यात हँडलवरच्या पॅनेलला प्लॅस्टिकचं कव्हर पाहिजे, आणि साचलेल्या पाण्यातून नेऊ नका, खालचा खड्डा दिसत नाही आणि मोटर तर अगदी खालीच असते.

आता रस्ता. या गाडीवर माणूस एवढा खाली बसतो की बस किंवा टेम्पोच्या ड्रायव्हरला तो जवळून दिसतच नाही. मागे उंच काठीला भगवा किंवा नारिंगी झेंडा, पाठीला रिफ्लेक्टर पट्टी, संध्याकाळी लाइट चालू, एवढं करायलाच हवं. सिग्नलला बसच्या डाव्या बाजूला शिरून उभं राहू नका, बस डावीकडे वळली तर जागाच उरत नाही. जवळ पडतं म्हणून राँग साइडने तर अजिबात नको. मुलाकडे यूकेला गेलेल्या आईबाबांनी तिथला नियम लक्षात ठेवावा, फुटपाथवर ताशी 4 मैल म्हणजे साधारण साडेसहा किलोमीटर आणि मोठी, रोडवर चालणारी गाडी असेल तर रस्त्यावर 8 मैल. आपल्याकडेही फुटपाथवर तेवढाच स्पीड ठेवा, चालणाऱ्या माणसाच्या बरोबरीने, पुढे कोणी असेल तर मागे थांबून आवाज द्या.

पण फुटपाथवर चढणार कसं हा खरा प्रश्न आहे. रस्ते कसे बांधायचे याचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या 2012च्या गाइडलाइनप्रमाणे फुटपाथ जास्तीत जास्त 15 सेंटीमीटर उंच असावा, आणि छोट्या स्कूटर साधारण 5 सेंटीमीटरच चढतात. म्हणजे फुटपाथ नियमात बसणारा असला तरी रॅम्प नसेल तर चढायचा प्रयत्नच करू नका. छोटी पायरी असेल तर सरळ काटकोनात जा, तिरकं गेलात की एक चाक वर एक खाली आणि गाडी आडवी. पेव्हर ब्लॉक उचकटलेले असतील तिथेही तेच, चाक फटीत अडकतं. 

आणि जिथे रॅम्पच्या तोंडाशी बाइकवाले चढू नयेत म्हणून खांब ठोकलेत, तिथे व्हीलचेअरवालेही अडतात. हे मुकाट्याने सहन करू नका. मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने चांगले फुटपाथ हा घटनेच्या कलम 21 खालचा, म्हणजे जगण्याच्या हक्कातलाच, हक्क आहे असं सांगितलंय आणि ते दिव्यांगांना वापरता आलेच पाहिजेत हेही. आपल्या स्कूटरची रुंदी मोजा, दोन खांबांमधलं अंतर टेप लावून मोजा, टेप दिसेल असा फोटो काढा आणि वॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज देऊन पोच घ्या, "फुटपाथ खराब आहे" एवढंच लिहिलेलं पत्र कुठल्यातरी फाइलीत जातं, आकडा आणि जागा लिहिलेली असली की कोणता खांब काढायचा ते त्यांना सांगावं लागत नाही.