लॅपटॉप तापतोय? दुकानात न्यायच्या आधीची तयारी
उन्हाळा लागला की आमच्या इंदूरच्या राजेंद्र नगरात दर दोन दिवसांनी कोणीतरी विचारतंच, लॅपटॉप भट्टीसारखा तापतो, फॅन थांबतच नाही, सिल्व्हर मॉलच्या कॉम्प्युटर दुकानांत नेऊ का. न्या, पण आधी घरी तासभर बसा. शोधायचं एकच आहे, प्रोसेसरवर खरंच काम पडतंय म्हणून तो तापतोय, की काम काहीच नाही तरी आतली गरमी बाहेर निघत नाहीये. दोन्ही दुखणी वेगळी आणि इलाजही वेगळा.

सुरुवात बॅकअपपासून. फोटो, मुलांचे प्रोजेक्ट, हिशोब, सगळं बाहेरच्या ड्राइव्हवर काढा, कारण तापून तापून बंद पडणारी मशीन कधी उठणार नाही ते सांगता येत नाही. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं ड्राइव्हला लावलेलं कुलूप, चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा, बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केल्यावर विंडोज ती मागू शकते आणि तेव्हा शोधायला गेलं की घाम फुटतो.

मग लॅपटॉप गादीवरून उचलून टेबलावर ठेवा, खालची जाळी मोकळी पाहिजे. कूलरच्या तोंडासमोर अजिबात ठेवू नका, ती हवा ओली असते आणि धूळ त्या ओलाव्याने आत चिकटून बसते. आता रीस्टार्ट करा, शटडाउन नाही, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनने विंडोज पूर्ण नव्याने सुरू होत नाही. दहा मिनिटं हात लावू नका, मग कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, सीपीयूच्या, म्हणजे प्रोसेसरच्या, रकान्यावर क्लिक करा म्हणजे सगळ्यात जास्त खाणारा वर येतो, आत कोण काय करून राहिलंय ते दिसतं. सोबत एचडब्ल्यूइन्फोसारखं टेम्परेचर दाखवणारं सॉफ्टवेअर लावा आणि प्रोसेसरचा वापर, टेम्परेचर, स्पीड हे तिन्ही आकडे वहीत लिहा.

वर अपडेट, सर्च इंडेक्सिंग किंवा अँटीव्हायरसचं स्कॅन दिसलं तर चार्जर लावून तासभर चालू द्या, बहुतेक वेळा आपोआप शांत होतं. ब्राउझर दिसला तर क्रोममध्येच शिफ्ट एस्केप दाबा, कोणता टॅब किंवा एक्स्टेंशन खातंय ते कळेल. अनोळखी नाव तासन्‌तास ४०-५० टक्क्यांवर बसलं असेल तर डिफेंडरचं, म्हणजे विंडोजच्याच अँटीव्हायरसचं, ऑफलाइन स्कॅन करा.

पण वापर ५-१० टक्के आणि टेम्परेचर ८५-९० डिग्री? मग गडबड फॅन, धूळ किंवा वाळलेल्या थर्मल पेस्टची, म्हणजे प्रोसेसरची गरमी बाहेर न्यायला त्यावर लावलेल्या लेपाची. इथे एक गोष्ट फसवते. बरेच इंटेल प्रोसेसर १०० डिग्रीच्या आसपास पोचले की स्वतःचा स्पीड कमी करतात, मग तेच साधं काम जड होतं आणि वापर १०० टक्के दिसायला लागतो. म्हणून स्पीड बघायचा. बेस स्पीड, म्हणजे प्रोसेसरचा ठरलेला मूळ वेग, २.४ गिगाहर्ट्झ लिहिलाय आणि काम पडलेलं असताना मशीन ०.८ वर अडकलीय, तर बहुधा गरमीच कारण आहे, सॉफ्टवेअर काढून काही होणार नाही.

आईच्या लॅपटॉपचं हेच झालं होतं. एका दुकानात मदरबोर्ड गेला सांगितलं, मला पटेना, घरी आणून उघडला तर फॅन आणि तांब्याच्या जाळीच्या मधे राखाडी धुळीचा जाड थर, नमद्यासारखा, चिमट्याने धरला तर अख्खा एका तुकड्यात बाहेर आला.

वॉरंटी असेल तर स्वतः उघडू नका. नसेल तर छोटे स्क्रू ड्रायव्हर, कव्हर उचकायला जुनं एटीएम कार्ड, मऊ ब्रश, आयसोप्रोपिल अल्कोहोल, सुती कापड आणि थर्मल पेस्ट आधीच जमवा. स्क्रू कमीजास्त लांबीचे असतात, कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून ज्याचा तो स्क्रू तिथेच टेपने चिकटवा. उघडल्यावर पहिलं काम बॅटरीचं कनेक्टर काढणं. बॅटरी फुगलेली दिसली तर तिथेच थांबा, दाबू नका, टोचू नका, सरळ जाणकाराकडे द्या. ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. जुनी पेस्ट अल्कोहोलने पूर्ण पुसा, नवी मुगाच्या दाण्याएवढी पुरते.

आणि दुकानात द्यायचाच असेल तर वहीचं ते पान सोबत न्या, काम काय चालू होतं, टेम्परेचर किती, स्पीड किती, हे आधी दाखवा आणि समोरच उघडायला सांगा. परत आणल्यावर त्याच टेबलावर, तेच काम लावून तेच तीन आकडे पुन्हा लिहा. आईच्या लॅपटॉपवर आधी ९७ यायचे, धूळ काढून पेस्ट बदलल्यावर ७८ आले, आणि ते भर मे महिन्यातल्या दुपारी.