कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड घेताना आणि वापरताना या चुका टाळा

दुकानात गेल्यावर बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: "दादा, ६४ जीबीचं कार्ड केवढ्याला?" कोल्हापुरात राजारामपुरीत विचारा नाहीतर शाहूपुरीत, काउंटरवर तीन-चार कार्डं येतात. सगळी ६४ जीबीची, किमती मात्र वेगवेगळ्या. मग एकतर सर्वात स्वस्त उचललं जातं, नाहीतर ज्याच्यावर सर्वात मोठा आकडा छापलाय ते. जीबीवरून फक्त कार्डात किती मावतं तेवढं कळतं. कॅमेऱ्याचं काम अडतं किंवा सुटतं ते कार्ड किती वेगानं लिहून घेतं यावर.

मोठ्या आकड्यावर भाळणं

कार्डावर ठळक छापलेला "१७० एमबी" सारखा आकडा वाचण्याच्या वेगाचा असतो, म्हणजे फोटो कॉम्प्युटरवर उतरवतानाचा. लिहिण्याचा वेग त्याहून कमी असतो आणि तो बारीक अक्षरात असतो किंवा नसतोच. शिवाय यूएचएस-वन (कार्ड आणि कॅमेरा यांच्यातल्या जोडणीचा एक प्रकार, त्याच्या पुढचा यूएचएस-टू) या प्रकारच्या कार्डाची ठरलेली कमाल मर्यादा सेकंदाला १०४ एमबी आहे. त्यावरचा वेग त्या त्या कंपनीच्या खास रीडरमध्येच (कार्ड कॉम्प्युटरला जोडायचं उपकरण) मिळतो, कॅमेऱ्यात नाही.

बघायच्या त्या छोट्या खुणा. सी अक्षराच्या पोटात १० असेल तर सेकंदाला किमान १० एमबी लिहिण्याची हमी. यू अक्षरात ३ किंवा व्ही३० असेल तर ३०, व्ही६० ला ६०, व्ही९० ला ९०. ए१, ए२ या खुणा मोबाईलमधल्या ॲपसाठी आहेत. कॅमेऱ्यासाठी त्यांचे जादा पैसे मोजू नका.

खासबागेच्या कुस्ती मैदानात कुस्ती टिपायला बसलात की हा फरक लगेच कळतो. पैलवानानं ढाक हा डाव मारला की सगळा खेळ एक-दोन सेकंदांचा. बटण दाबून धरलं की कॅमेरा धडाधड फोटो काढतो, पण ते आधी त्याच्या आतल्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, साठतात आणि तिथून कार्डावर उतरतात. २४ मेगापिक्सेलचा एक रॉ फोटो (कॅमेऱ्यानं टिपलेली सगळी माहिती ठेवणारी मोठी फाइल) साधारण २५ एमबीचा धरला, तर २० फोटोंचे ५०० एमबी झाले. सेकंदाला १० एमबी लिहिणारं कार्ड ते उतरवायला ५० सेकंद घेईल, ८० एमबी लिहिणारं सहा-सात सेकंद. तेवढ्या ५० सेकंदांत कुस्ती चितपट होऊन विजेत्याला खांद्यावर घेतलेलंही असतं. लोक म्हणतात कॅमेरा हँग झाला, आणि दुरुस्तीला नेतात. कॅमेरा धडधाकट असतो.

मात्र सेकंदाला ५ रॉ फोटो म्हणजे १२५ एमबी झाले. यूएचएस-वनचा खाचा (कार्ड घालायचा स्लॉट) असलेल्या कॅमेऱ्यात कितीही महाग कार्ड घाला, बफर भरणारच. तिथे जेपेग या छोट्या फाइलवर या किंवा छोट्या छोट्या तुकड्यांत फोटो घ्या.

कॅमेऱ्याचा खाचा न बघता कार्ड घेणं

यूएचएस-टू कार्डाला मागे पिनांची दुसरी ओळ असते. सोनी ए६४०० मध्ये ते चालतं, पण यूएचएस-वनच्याच वेगानं, पैसे वाया. सोनी ए७ थ्रीमध्ये दोन खाचे आहेत आणि त्यातला पहिलाच यूएचएस-टू आहे. दोन्ही कार्डांवर एकाच वेळी फोटो ठेवायचे असतील, तर कॅमेरा हळू कार्डाच्या चालीनं चालतो. तरीही लग्नाच्या कामाला दोन्हीकडे प्रत ठेवाच. अक्षता दुसऱ्यांदा पडत नाहीत. एकच खाचा असेल तर एका २५६ जीबीपेक्षा ६४ ची चार कार्डं मला केव्हाही बरी वाटतात.

व्हिडिओवाल्यांचा गोंधळ वेगळा. कॅमेऱ्यात "१०० एमबीपीएस" दिसलं की १०० एमबीचं कार्ड हवं असं वाटतं. तो आकडा मेगाबिटचा आहे, आणि आठ बिट म्हणजे एक बाइट; आठानं भागा, साडेबारा एमबी झाले. व्ही३० पुरतं. तासाला मात्र ४५ जीबी जातात, हे जेवणाच्या पंगती सुरू व्हायच्या आत लक्षात घ्या.

नकली कार्ड

ही चूक सगळ्यात महागात पडते, कारण नकली कार्ड सुरुवातीला नीट चालतं. आत जागा ८ जीबीची आणि कॅमेऱ्याला सांगतं १२८. पहिले फोटो उघडतात, पुढचे अर्धे राखाडी निघतात किंवा निघतच नाहीत. बिल घ्या, आणि नवं कार्ड कामावर न्यायच्या आधी विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू किंवा लिनक्स-मॅकवर एफ३ हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. ते कार्ड काठोकाठ भरून परत वाचून बघतं. वेळ लागतो, लागू द्या.

गुलाल आणि पाऊस

चैत्र यात्रेत जोतिबाच्या डोंगरावर गुलालात उभं राहून कार्ड बदलू नका. बारीक पूड खाच्यात गेली की पिनांवर बसते. रिकामं मोठं कार्ड आधीच घालून जा. मोबाईलचं छोटं मायक्रो एसडी कार्ड ॲडाप्टरमध्ये घालून वापरणं इथे विशेष धोक्याचं, कारण जोडणीची जागा एक नव्हे, दोन होतात. राधानगरीच्या पावसात काढलेलं कार्ड उघडं खिशात टाकू नका, डबीत ठेवा.

"कार्ड एरर" आलं तर

आधी कॅमेरा बंद करा. लाल दिवा लुकलुकत असेल तर थांबा. कार्ड काढून डाव्या कडेची कुलपाची पट्टी बघा. घालताना ती कधी कधी सरकते आणि कार्ड लिहून घेत नाही. पिना कोरड्या मऊ कापडानं पुसा. तरी नाही जमलं तर रीडरमध्ये लावा. कॉम्प्युटरनं "फॉरमॅट करू का?" विचारलं तर नाही म्हणा. कधी कधी दोष जुन्या रीडरचा असतो, ज्याला ३२ जीबीच्या वरचं कार्ड वाचता येत नाही. दुसरा रीडर लावून बघा.

फोटो चुकून पुसले गेले किंवा फॉरमॅट झाले, तर त्या क्षणापासून त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नका. साध्या फॉरमॅटनं बहुतेक वेळा यादीच पुसली जाते, फोटो वरून दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत आत राहतात. फोटोरेक हे मोफत सॉफ्टवेअर ते शोधून काढतं. सापडलेले फोटो कॉम्प्युटरवर ठेवा, त्याच कार्डावर नाही. सगळं दोन ठिकाणी उतरलं की मगच कार्ड कॅमेऱ्यात घालून तिथूनच फॉरमॅट करा.